चोवीस डाव्या बाजू

एकोणीसशे त्र्याहत्तर साल. कोटांच्या कॉलरी पंजाएवढ्या रुंद झाल्या होत्या आणि विजारींचे पाय खाली झाडूसारखे फाकले होते, ते वर्ष. शिवणकामातल्या माणसांना सालं अशीच आठवतात. त्या वर्षीच्या थंडीत मास्तरीणबाईंच्या हातून पहिल्यांदा कात्री पडली.

मास्तरीणबाई म्हणजे कोट शिवायच्या त्या कारखान्यात कापड बेतणाऱ्या. जिना चढून गेलं की एकच लांब खोली. खिडक्यांच्या कडेनं सहा मशिनं, कोपऱ्यात इस्त्री आणि मधोमध चौदा फुटी टेबल. त्या टेबलाशी बाई एकवीस वर्षं उभ्या होत्या. नवरा गेल्यावर काजं करायला म्हणून आल्या आणि पाच वर्षांत कात्री धरली ती धरलीच. आजूबाजूच्या साऱ्या दुकानांत कापड बेतणारी बाई ही एकच. कागदी खाका त्यांना लागत नसे. माणसाला एकदा खालून वर बघायचं, खडूच्या चार खुणा करायच्या, की कात्री सुरू.

"खाका म्हणजे आंधळ्याची काठी," त्या म्हणायच्या. "डोळे शाबूत असणाऱ्यानं ती कशाला धरायची?"

आभार मानायची त्यांना सवय नव्हती. काम चांगलं झालं तर ते व्हायलाच हवं होतं. बिघडलं तर मात्र त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा आणि मशिनंसुद्धा आवाज खाली करून चालतात की काय असं वाटायचं.

तर त्या थंडीत एका सकाळी बोटं वळेनात. सांधे सुजून लाल झाले होते, मनगटात कुणी खिळा ठोकावा तशी कळ. चार दिवसांनी उतरली, पंधरा दिवसांनी पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हातारे होते आणि गोड बोलण्यात वेळ घालवणारे नव्हते.

"संधिवात आहे. साधा नव्हे, मुरलेला."

"दुखणं हत्तीच्या पावलानं येतं नि मुंगीच्या पावलानं जातं, तसं जाईल ना?"

"हा हत्ती जायचा नाही, बाई. मुक्कामाला आलाय. घरात त्याला जागा करून द्या, नाही तर भिंती पाडून जागा करील." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. "सकाळी त्रास जास्त होईल. दहाच्या पुढे बोटं सैल पडतील. गरम पाण्यात हात धरा. आणि घरी सांगा, कामावर सांगा."

बाईंनी गोळ्या घेतल्या, गरम पाणी घेतलं, पण सांगितलं कुणालाच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कारखान्याची किल्ली त्यांच्याकडेच असायची. सगळे नऊला यायचे, त्या आठलाच येऊ लागल्या. मोरीत पाणी तापवायचं, अर्धा तास हात बुडवून बसायचं, कात्रीच्या कड्यांना मऊ कापडाची पट्टी गुंडाळायची आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, "कात्री घसरते."

घरी मात्र नणंद होती. नणंद टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, अविवाहित, तिखट कानाची. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस खोटं बोलतोय की सर्दी झालीय ते ओळखायची. भाऊ गेल्यावर दोघी एकाच घरात राहिल्या त्या प्रेमापोटी कमी आणि दुसरीकडे जाणार कुठे म्हणून जास्त. एकीनं पसरलेलं वर्तमानपत्र दुसरी मुद्दाम घडी करून ठेवायची, असा संसार.

एका सकाळी बाई खोलीबाहेर येईनात. नणंदेनं दार ढकललं. बाई पलंगावर बसलेल्या, अंगात लोकरी कोट, त्याची सहाही बटणं उघडी, आणि डोळ्यांत पाणी. रागाचं.

"वहिनी, किती वेळ चाललंय हे?"

"आत्ताच बसले."

"मी आजचं नाही विचारत. गेले दोन महिने मोरीतून भांडी पडल्याचे आवाज येतायत. मला वाटलं, माझ्यावरचा राग भांड्यांवर काढताय."

"तोही होता थोडा," बाई म्हणाल्या.

नणंद हसली. मग समोर येऊन वाकली आणि एकेक बटण लावू लागली. लावताना बडबडत होती, "जगाचे कोट शिवता आणि स्वतःचा लावता येईना, काय म्हणावं तुम्हाला! मान वर करा. वर हो, वरचं राहिलंय."

"वन्सं, कुणाला बोलू नका."

"दिवसभर लोकांची गुपितं कानावरून जातात माझ्या. त्यात आणखी एक."

त्या दिवसापासून रोज सकाळी बटणं नणंद लावायची. बाई खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या, जणू हे दुसऱ्याच कुणाच्या अंगावर चाललंय.

कारखान्याचे मालक सत्तरीला टेकले होते. त्यांना धंद्यातून अंग काढायचं होतं, म्हणून बहिणीचा मुलगा त्यांनी बोलावून घेतला होता. हा भाचा तिशीचा, दोन वर्षं शाळेत जाऊन बेतायचं शिकलेला, खाके करणारा, पट्टीनं रेघा मारणारा. बाई त्याला भाचेबुवा म्हणायच्या. 'बुवा' अशा ठसक्यात, की तो बिचारा आपली पट्टी मागे लपवायचा.

मार्चमध्ये एका बँडचं काम आलं. चोवीस वादक, चोवीस कोट, गडद लाल लोकर, तीन आठवड्यांत. मालकांनी बाईंना बाजूला घेतलं.

"बाई, सरळ बोलतो. हल्ली तुमचं काम मागे पडतंय. सकाळी दहापर्यंत कात्रीचा आवाज येत नाही. काय असेल ते असो, मी विचारत नाही. पण मला कुणाच्या तरी हाती टेबल सोपवून घरी जायचंय. हे चोवीस कोट वेळेवर आणि बिनचूक झाले, तर टेबल तुमचं, भाचा तुमच्या हाताखाली. नाही तर टेबल त्याचं."

"आणि मी?"

मालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तुम्ही काजं छान करायचात पूर्वी."

हे ऐकून बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्याहून मोठी भीती होती, ती बोलण्यासारखी नव्हती: या बोटांनी आता काजंही व्हायची नाहीत. टेबल गेलं की सगळंच गेलं.

"कापड अंथरायला भाच्याला घ्या," मालक म्हणाले.

"मला कुणी नको."

इथं कापड अंथरायची रीत सांगायला हवी. बँडच्या लोकरीला एक अंग चकचकीत, सुलटं. दुसरं निस्तेज, उलटं. थर एकावर एक घालायचे ते सुलट्याला सुलटं लावून, म्हणजे एकदा कात्री फिरली की एक डावी बाजू निघते नि एक उजवी. हे काम नेहमी दोघांचं. बाई टेबलाच्या एका टोकाशी, दुसऱ्या टोकाशी काजूताई. काजूताई म्हणजे काजं करणारी, चाळिशीची, ठेंगणी, हसरी. कापड हातात घेऊन ती टेबलाच्या कडेनं जायची, वळायची, परत यायची. पुन्हा जायची, पुन्हा यायची. एकवीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि बाईंनी त्याकडे पंखा फिरताना बघावं तितकंही कधी पाहिलं नव्हतं.

आता काजूताईला बोलावलं तर ती हात बघणार. म्हणून बाईंनी सकाळी आठलाच, कुणी नसताना, एकटीनं कापड अंथरायचं ठरवलं. तागा जड. हातांनी उचलवेना, तेव्हा कोपरांनी आणि पोटानं रेटून त्यांनी तो टेबलाच्या टोकाशी नेला. वळवून परत न्यायची ताकद नव्हती. मग एक लांबी ओढायची, कापायची, पुन्हा त्याच टोकाकडून दुसरी ओढायची, तिच्यावर घालायची. चार थर झाले की थांबायचं. दहा वाजता बोटं सैल झाली की बेतायचं. पाठी अखंड असतात, त्या आधी झाल्या, मग पुढचे भाग. तीन दिवस दात-ओठ खाऊन कात्री चालवली. अठ्ठेचाळीस पुढचे भाग झाले, गठ्ठे बांधले, मशिनांकडे दिले. त्या दिवशी जिना उतरताना त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आपला हात जगन्नाथ!"

दुसऱ्या दिवशी दुपारी काजूताई खिशांच्या खुणा करायला बसली. एक गठ्ठा सोडला, मग दुसरा, मग तिसरा. मग तिनं तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! बँडवाले सगळे डावखुरे आहेत का?"

"काय बरळतेस?" बाई म्हणाल्या.

"बाई, ह्या सगळ्या डाव्या बाजू आहेत. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. उजवी एकसुद्धा नाही."

एकेक मशीन बंद पडत गेलं. बाई पुढे आल्या, दोन तुकडे समोरासमोर धरून पाहिले. एक सुलटा ठेवला की दुसरा उलटा पडत होता. डोळ्यांपुढे ते तीन दिवस लख्ख उभे राहिले. सगळे थर एकाच अंगानं, सुलटी बाजू वर. वळवायला कुणी नव्हतं ना. काजूताई टेबलाच्या कडेनं जायची नि यायची, म्हणून तर कापड आपोआप सुलट्याला सुलटं लागायचं. एकवीस वर्षं बाई समजत होत्या की हे आपल्या डोळ्यांचं कसब.

मालक जिन्यावरून वर आले, बघितलं आणि भाच्यावर कडाडले, "थर तू अंथरलेस? शाळेत हेच शिकलास दोन वर्षं?"

बाई नको म्हणाल्या तरी मालकांनी भाच्याला मदत करायला सांगितलं होतं. त्यांच्या हिशेबी थर त्यानंच अंथरले होते. भाच्यानं तोंड उघडलं, बाईंकडे पाहिलं आणि मिटलं. मान खाली घालून उभा राहिला.

बाईंना कळलं की एवढ्यावर गप्प राहिलं तर टेबल आपलं आहे. कुणी काही विचारणार नाही. शिकाऊ माणसाची चूक, जुन्या माणसानं सावरली, अशी गोष्ट होईल. किती सोपं होतं! आणि हेही कळलं, की हा मुलखाचा रेघोट्या मारणारा पोरगा आपल्यासाठी शिव्या खातोय.

"त्याला बोलू नका," त्या म्हणाल्या. "थर मी अंथरले. एकटीनं. चूक माझी."

"तुम्ही? तुम्ही अशी चूक कराल?"

"केली." बाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. पूर्ण उघडत नव्हते, पंजे अर्धवट मिटलेलेच राहिले, सुजलेल्या गाठी सगळ्यांसमोर. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तसं समजा. चार महिने झाले. बरं व्हायचं नाही हे. सकाळी मला पेला धरता येत नाही. कोटाची बटणं नणंद लावते."

काजूताई फणकारली, "चार महिने! आणि मी इथं समोर बसून काय करत होते, माशा मारत होते? एक हाक मारायची होती!"

"मारता येत नव्हती."

"हात दुखत होते की तोंड?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि खोलीतला ताण सैल झाला. मालक स्टुलावर बसले. त्या रंगाची लोकर पुन्हा मिळणार नव्हती, आणि बारा दिवस उरले होते.

"मला माहीत होतं," भाचा हळूच बाईंना म्हणाला. "एकदा लवकर आलो होतो. मोरीत तुम्ही हात बुडवून बसला होतात. मी परत खाली गेलो."

"का?"

"तुम्ही ओरडला असतात."

"ओरडलेच असते," बाई म्हणाल्या. आणि त्यांच्या तोंडून, त्यांनाही नवल वाटावं असा, शब्द निघाला, "उपकार झाले, बाबा."

मग डोकी एकत्र आली. चोवीस डाव्या बाजू कामाच्याच होत्या. वरच्या चोवीस फुकट. बाह्यांसाठी ठेवलेल्या कापडात चोवीस उजव्या बाजू निघत होत्या, पण मग निम्म्या बाह्या कुठून आणायच्या?

"ह्या जादा डाव्यांतून बाही निघणार नाही का?" काजूताईनं विचारलं. एरवी बाई म्हणाल्या असत्या, तू आपली काजं बघ. आज त्या म्हणाल्या, "ठेवून बघ."

भाच्यानं पट्टी काढली. या खेपेला लपवली नाही. "एकातून एक निघते. पण चार बोटं आखूड पडते."

बाईंनी डोळे मिटले. आखूड बाही, तिच्याखाली मनगट, मनगटाच्या पुढे वाद्य. "चार बोटं काळा कफ," त्या म्हणाल्या. "सगळ्याच बाह्यांना. कॉलरही काळी. चूक दिसेल तिथंच नटवायची. आपल्याकडे काळी लोकर आहे की."

"पण बेतणार कोण?" मालकांनी विचारलं.

बाईंनी कात्री उचलली नाही. भाच्याकडे सरकवली.

पुढचे बारा दिवस बाईंच्या आयुष्यातले सगळ्यात अवघड. दुखण्यापेक्षा अवघड. कारण हातांना जे येत होतं ते तोंडानं सांगायचं होतं, आणि ते त्यांना मुळीच येत नव्हतं.

"इथं थोडी गोलाई दे."

"थोडी म्हणजे किती?"

"थोडी म्हणजे थोडी! दिसत नाही का?"

"तुम्हाला दिसते, बाई. मला सांगा."

आणि बाई थांबायच्या, विचार करायच्या. इतकी वर्षं आपण इथं नेमकं काय करत होतो? मग म्हणायच्या, "माणूस हात पुढे करतो तेव्हा काखेत ओढ बसते. ट्रॉम्बोनवाला तर सारखाच करतो. म्हणून अर्धं बोट जास्त." भाचा ते कागदावर उतरवायचा. कागदाचे खाके होऊ लागले, त्यांवर बाईंचे शब्द लिहिलेले. पहिला खाका भिंतीवर टांगला गेला तेव्हा काजूताई म्हणाली, "आंधळ्याची काठी ना ही?"

"डोळसांनाही अंधार पडतो," बाई म्हणाल्या.

कापड आता पुन्हा दोघं अंथरत, काजूताई नि भाचा. काजूताई कडेनं जायची, वळायची, यायची. बाई खुर्चीत बसून ते बघायच्या. पहिल्यांदाच बघत होत्या. ती वळताना कापडाला हलकेच झटका देते, त्यानं सुरकुती निघते. इस्त्रीवाला प्रत्येक शिवण आधी पालथ्या हातानं चाचपतो. चौथ्या मशिनवरची मुलगी दोरा तुटला तर स्वतःलाच रागावते. एवढं सगळं या खोलीत रोज घडत होतं, आणि बाई मान खाली घालून कात्रीच्या टोकापलीकडे कधी गेल्या नव्हत्या.

अकराव्या दिवशी सकाळी नणंद बटणं लावत होती. बाई खिडकीकडे बघत नव्हत्या.

"वन्सं, तुमची केसांची मागची पिन सुटलीय. बसा, लावून... छे, मला जमायचं नाही. पण सांगते कुठं ते. जरा डावीकडे. आणखी. हां." मग, "वन्सं, तुम्ही रोज माझ्यासाठी अर्धा तास लवकर उठता. मी कधी बोलले नाही."

नणंदेनं त्यांच्या कपाळाला हात लावला. "आज काय, ताप आहे का?"

"नाही."

"मग गप्प बसा. रडायला लावलंत तर बटणं वरखाली होतील."

कोट बाराव्या दिवशी झाले. बँडचा म्होरक्या आला. त्यानं काळे कफ पाहिले, भुवया चढवल्या. "हे तर ठरलं नव्हतं."

मालक काही जुळवून सांगणार होते, बाईंनी त्यांना थांबवलं. "नव्हतं ठरलं. माझ्याकडून कापड चुकलं, त्यातून हे निघालं. घालून बघा. आवडलं नाही तर नाव माझं घ्या, कारखान्याचं नको."

त्यानं कोट घातला, वाजवल्यासारखे हात पुढे-मागे केले, आरशात तिरकं उभं राहून पाहिलं. मग म्हणाला, "कफांवर मळ दिसायचा नाही. आधी का नाही सुचवलंत?"

तो गेल्यावर मालक टेबलाशी आले. "बाई, आपलं ठरलं होतं, वेळेवर आणि बिनचूक. वेळेवर झाले."

"बिनचूक नाही झाले," बाई म्हणाल्या. "तेव्हा टेबल माझं नाही, कबूल. पण मी काजंही करणार नाही, होणारच नाहीत. मी सांगते काय करायचं ते. कात्री भाच्याच्या हाती द्या. त्याचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो, आजवर मान्य केलं नाही एवढंच. पण काय कापायचं नि कुठं, ते मी सांगणार. मी दहाला येईन, आठला नाही. वाईट दिवस असेल तर येणार नाही, आणि तसं कळवीन. त्याला मी हवी आहे का, तेवढं विचारा."

मालकांनी भाच्याकडे पाहिलं.

"मामा, त्या नसतील तर मी परत जातो," भाचा म्हणाला. "'थोडी' म्हणजे किती, ते आत्ता कुठं कळायला लागलंय."

मालकांनी त्याच वर्षी कामातून अंग काढलं आणि पुढची नऊ वर्षं रोज दुपारी 'सहज' म्हणून कारखान्यात येऊन बसले. म्हातारे डॉक्टर दोन वर्षांनी वारले. बाईंनी पुढे तीन डॉक्टर बदलले, पण हत्तीची गोष्ट त्या तिघांनाही सांगितली. बँड मोडला. त्यातल्या एकानं तो लाल कोट मुलीच्या लग्नापर्यंत वापरला, असं ऐकिवात आहे. काजूताईनं चष्मा लागेपर्यंत काजं केली आणि मग सुनेच्या हाती सुई देऊन तिच्या मागे बसून बोलत राहिली.

भाचेबुवा मोठे झाले, त्यांचं नाव झालं. 'बुवा' मात्र चिकटलं ते चिकटलंच, त्यांची नातवंडंही त्यांना बुवाच म्हणत. भिंतीवरचे खाके दोनशेच्या वर गेले.

नणंद निवृत्त झाली आणि दोन वर्षांनी तिच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. तेव्हापासून बाई रोज तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत. घडी मात्र नणंदच करायची.

बाईंचा संधिवात बरा झाला नाही. गुडघे गेले, एक मनगट कायमचं वाकलं, काही हिवाळे अंथरुणातच गेले. त्या काळात त्या चिडायच्या, कण्हायच्या, नशिबाला शिव्या घालायच्या. संत झाल्या नाहीत. एकदा शिकायला आलेल्या एका मुलीनं त्यांना विचारलं, आजारानं तुम्हाला खूप काही दिलं ना? त्या म्हणाल्या, "त्यानं फक्त घेतलं, बाळ. दिलं ते माणसांनी. ती आधीपासून देतच होती. माझे हात भरलेले होते म्हणून दिसत नव्हतं."

हत्तीबरोबर त्या तेहेतीस वर्षं राहिल्या. एक्याऐंशीव्या वर्षी, दुपारी जेवण झाल्यावर, खुर्चीतच गेल्या. त्या दिवशीसुद्धा सकाळी त्या दहाला कारखान्यात येऊन एका नवरदेवाच्या कोटाची गोलाई अर्ध्या बोटानं वाढवायला सांगून गेल्या होत्या.